मुंबई हाय: गाळ आला, थांबला आणि पुन्हा आला

अलिबाग, पनवेल, माहीम, बांद्रा, देवगड, रत्नागिरी. ही नावं वाचून आपल्याला गावं आठवतात. मुंबईच्या समुद्रात तेल शोधणाऱ्या भूवैज्ञानिकांना मात्र खडकांचे थर आठवतात. समुद्रतळाखाली एकावर एक रचलेल्या या थरांना त्यांनी किनाऱ्यावरच्या गावांची नावं दिली आहेत. ‘रत्नागिरी’ हे एका चुनखडीचं नाव. ‘बसीन’ म्हणजे वसईचं जुनं इंग्रजी नाव, आणि ही ‘रत्नागिरी’हून जुनी चुनखडी. आपला किनारा जसा उत्तर-दक्षिण पसरला आहे, तसा त्याच नावांचा एक किनारा पाण्याखाली उभा रचला गेला आहे. मला ही नावं फार आवडतात. ती वाचली की तेलाची गोष्ट परकी वाटत नाही.

मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर, वायव्येच्या अंगाला ‘मुंबई हाय’ आहे. हे भारतातलं सर्वात मोठं तेलक्षेत्र. ‘हाय’ म्हणजे उंचवटा. तिथे बोटीतून गेलात तर उंचवटा कुठेच दिसणार नाही. पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे आणि तळ सपाट आहे. टेकडी आहे ती त्या तळाच्याही खाली, शेकडो मीटर गाळात पुरलेली.

त्या टेकडीच्या पोटात तेलाचं तळं असेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं तळं जगात कुठेही नसतं. तेल खडकातच असतं, खडकाच्या बारीक छिद्रांमध्ये, ओल्या विटेत पाणी असतं तसं. वीट हातात घेतली तर घट्ट वाटते, तरी तिने बरंच पाणी शोषलेलं असतं. तेव्हा तेल सापडण्यासाठी आधी काळा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल हवा, ज्यातून तेल बनेल. मग छिद्रांचा खडक हवा, ज्यात ते साठेल. त्यावर झाकण हवं. आणि हे सगळं योग्य क्रमाने घडायला हवं. माझ्या मते खरी मेख क्रमातच आहे. मुंबई हायच्या बाबतीत तो क्रम गाळाने ठरवला. गाळ आधी आला, मग फार मोठा काळ आलाच नाही, आणि शेवटी पुन्हा आला.

सुरुवात जमीन फाटण्यापासून करावी लागेल. एके काळी भारत, मादागास्कर आणि सेशेल्स एकमेकांना चिकटलेले होते. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं. सेशेल्स मात्र आपल्या पश्चिम कडेला तसंच राहिलं. मग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचा दगड, पुण्या-मुंबईखालचा काळा पाषाण हा सगळा त्याच वेळचा. त्यानंतर थोड्याच अवधीत सेशेल्सही भारतापासून तुटलं. भूविज्ञानात थोडा अवधी म्हणजे वीस-तीस लाख वर्षं. आज सेशेल्सच्या माहे बेटावर, महासागराच्या मधोमध, ग्रॅनाइटचे प्रचंड गोलसर खडक उभे आहेत. एरवी महासागरातली बेटं ज्वालामुखीच्या खडकाची नाहीतर प्रवाळाची असतात, तिथे ग्रॅनाइट सापडत नाही. हा खंडाचा तुटून राहिलेला तुकडा आहे, आपला जुना शेजारी.

जमीन फाटते तेव्हा ती कापडासारखी एका रेषेत फाटत नाही. आधी ताणली जाते, पातळ होते, तिच्यात समांतर भेगा पडतात आणि भेगांमधले पट्टे खाली बसतात. मधले काही ठोकळे वरच राहतात. या भेगांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूच्या खडकापेक्षा खाली सरकलेला असतो. लाकूड फोडताना ते जसं आपल्या रेघांच्या दिशेने फुटतं, तशी इथली जमीनही आपल्या जुन्या रेघांवरच फुटली. किनाऱ्याला जवळपास समांतर जाणारी, कर्नाटकातल्या धारवाडच्या प्राचीन खडकांतली रेघ, आणि तिला आडवी येणारी नर्मदेची रेघ. जिथे या दोन्ही दिशा एकमेकींना छेदतात, तिथे मुंबई आणि खंबातच्या समोरचा समुद्रतळ खचला. आपल्या किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्र इथेच सर्वात रुंद, सुमारे ३०० किलोमीटर आहे. केरळकडे जाता जाता तो अगदी अरुंद होत जातो.

या फाटण्याची खूण पाहायला समुद्रात जायची गरज नाही. घाटात बघा, काळ्या खडकाचे थर पायऱ्यांसारखे जवळपास आडवे आहेत. तेच थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे वाकतात आणि मुंबईत स्पष्टपणे समुद्राच्या दिशेने झुकलेले दिसतात. भूवैज्ञानिक याला ‘पनवेलची घडी’ म्हणतात. जमिनीची कड खाली जात असताना वरचा दगड तिच्याबरोबर वाकला, त्याची ही खूण.

समुद्रात अशा खचण्याने खळगे तयार झाले. उत्तरेला सुरतचा मोठा खळगा, दक्षिणेकडे मुरुड, राजापूर, विजयदुर्ग अशा नावांचे लहान-मोठे खळगे. आणि त्यांच्यामध्ये एक ठोकळा उंच राहिला. त्याच्या तळाशी दख्खनचा काळा पाषाण आहे, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा पट्टेदार खडक आहे. हाच पुढे मुंबई हाय होणार होता.

आता पहिला गाळ. साधारण ६ ते ५ कोटी वर्षांपूर्वी या खळग्यांत आजूबाजूच्या उघड्या खडकाची धूप होऊन माती येऊ लागली. आधी लाल माती आणि फुटका बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचाच काळा पाषाण, मग वाळू, आणि समुद्राचं पाणी आत शिरू लागलं तशी दलदल, उथळ खाड्या, चिखलाची सरोवरं. या थराला ‘पन्ना’ म्हणतात. तो काळ डोळ्यांपुढे आणायचा असेल तर कोकणातलं एखादं खाजण आठवा. ओहोटीच्या वेळी तिथे पाय घातला की घोट्यापर्यंत काळा चिखल लागतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास फार महत्त्वाचा आहे. त्या चिखलात प्राणवायू नाही, असं तो सांगतो. प्राणवायू असला की पानं, शेवाळ, सूक्ष्म जीव पूर्ण सडून हवेत जातात, मागे काही उरत नाही. तो नसला की त्यांतलं कार्बनी द्रव्य चिखलातच अडकून राहतं. पन्नाच्या थरात हेच झालं. त्यात कोळशाचे पट्टेही आहेत, म्हणजे काठावरची झाडंझुडपं मोठ्या प्रमाणात तिथेच गाडली गेली.

डायनासोर कुजून तेल झालं, हा समज अजून पुष्कळांच्या मनात असतो. इथे तर तो काळाच्या हिशेबातही बसत नाही. हा चिखल साचायला लागला तेव्हा डायनासोर नाहीसे होऊन काही दशलक्ष वर्षं उलटली होती. मुंबई हायचं तेल हे सूक्ष्म समुद्री जीव, शेवाळ आणि जमिनीवरच्या वनस्पती यांचं आहे.

पन्नाचा चिखल खळग्यांत साचला, उंचवट्याच्या माथ्यावर नाही. माथा तेव्हा पाण्याच्या वर होता. तिथे ऊन-पावसाने खडक झिजत होता आणि झिजलेली वाळू उतारांवर पसरत होती. पुढे याच वाळूतही तेल शिरलं.

यानंतरचा भाग मला सर्वात विलक्षण वाटतो, आणि सांगायला सर्वात अवघडही, कारण त्यात एक गोष्ट घडली नाही, हे सांगायचं आहे. समुद्र हळूहळू वर चढला, उंचवटा उथळ पाण्याखाली गेला, पण गाळ तिथवर पोहोचला नाही. नर्मदा आणि तापी यांच्या मूळ प्रवाहांनी आणलेला चिखल उत्तरेच्या सुरतच्या खळग्यात पडत राहिला. खळगा खोल होता आणि खचतच होता, त्यामुळे तो आपल्यातच चिखल सामावून घेत होता. त्याच्या दक्षिणेला उंचवट्यावरचं पाणी नितळ राहिलं.

नितळ पाण्याने काय फरक पडतो, हे महाराष्ट्राचा किनारा पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. मुंबईचा समुद्र गढूळ, मातकट असतो. मालवणला जा, पाणी निवळशंख आहे, तळ दिसतो आणि प्रवाळ आहेत. म्हणून लोक तिथे पाण्याखाली बुडी मारायला जातात. चिखलाने गढूळलेल्या पाण्यात ऊन खाली पोहोचत नाही. शेवाळ वाढत नाही. चुन्याचं कवच बांधणारे जीव चिखलाखाली गुदमरतात. पाणी नितळ आणि उबदार असलं की तेच जीव फोफावतात, मरतात, आणि त्यांच्या कवचांचा खच पडतो. तो खच म्हणजे चुनखडी.

उंचवट्यावर आणि त्याच्या भोवतीच्या ठोकळ्यांवर हे कोट्यवधी वर्षं चाललं. आधी आजूबाजूच्या पट्ट्यांवर, इओसीन काळात (साधारण साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वी), ‘बसीन’ची चुनखडी बनली. तिच्यात नाण्याच्या आकाराच्या, एकपेशीय जीवांची कवचं खच्चून भरली आहेत. एकपेशीय म्हणून ते सूक्ष्म असतील असं वाटतं, पण यांतली काही कवचं खरोखर नाण्याएवढी असतात. लॅटिनमध्येही त्यांचं नाव नाण्यावरूनच पडलं. पुढे समुद्र मुख्य माथ्यावरही आला आणि मायोसीन काळाच्या पूर्वार्धात, दोन कोटी वर्षांच्या आगेमागे, तिथे चुनखडीचे एकावर एक थर बसले. यांतल्या ज्या गटात मुंबई हायचं बहुतेक तेल आहे त्याला तेलक्षेत्रातली माणसं ‘एल-३’ म्हणतात. तो समुद्रसपाटीपासून साधारण १३०० ते १४०० मीटर खाली आहे.

नुसती चुनखडी असून भागत नाही. पुष्कळ चुनखडी इतकी घट्ट असते की तिच्यात थेंबभरही मावत नाही. इथे पावसाने मदत केली. समुद्राची पातळी त्या काळात वारंवार वरखाली होत होती. पातळी उतरली की नुकती बनलेली चुनखडी उघडी पडायची आणि तिच्यावर पाऊस पडायचा. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट झालेलं असतं, आणि आंबट पाण्यात चुना विरघळतो. जी कवचं पटकन विरघळणारी होती ती निघून गेली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. अनारशाला जाळी पडते तशी. मग समुद्र पुन्हा चढायचा, सोबत थोडा चिखल आणायचा, शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा, पातळ पापुद्रा टाकायचा, त्यावर पुन्हा चुनखडी. त्यामुळे एल-३ हा एकसंध दगड नाही. जाळीदार चुनखडी, घट्ट चुनखडी आणि शेल यांच्या पातळ पातळ पट्ट्यांची ती चळत आहे.

आता तेल साठायला जागा होती, पण त्या जागेत तेव्हा खारं पाणीच होतं. खळग्यातल्या पन्नाच्या चिखलाचा अजून खडकच होत होता, त्याचं तेल झालं नव्हतं. सेंद्रिय द्रव्याचं तेल व्हायला उष्णता लागते. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसमध्ये तेल सुटतं. त्याहून बरंच तापलं की तेलाचे रेणू तुटून वायू उरतो. जमिनीत खाली जाल तसं तापमान वाढतं, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. इथे फाटताना कवच पातळ झालेलं असल्यामुळे ते थोडं जास्तच वेगाने वाढतं. म्हणजे पन्नाला खोल गाडलं जाण्याची गरज होती. आणि खोल गाडायला वर वजन हवं.

ते वजन तिसऱ्या अंकात आलं. मायोसीनच्या मध्यापासून, दीड कोटी वर्षांच्या आसपास, नद्यांचा गाळ आपला जुना खळगा भरून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकू लागला. समुद्रतळही खचत होता आणि पश्चिमेकडे कलत होता. गढूळ पाणी अखेर उंचवट्यावर आलं. चुना बांधणारे जीव हळूहळू हरले आणि त्यांच्या चुनखडीवर चिखल बसला. एवढ्या दीर्घ काळ नितळ राहिलेला तो समुद्र आता आजच्या मुंबईच्या समुद्रासारखा दिसू लागला असणार. या सर्वात वरच्या जाड चिखलाच्या थराला ‘चिंचिणी’ म्हणतात, आणि तो आजतागायत साचतो आहे.

या गाळाने एकाच वेळी दोन कामं केली. उंचवट्यावर त्याने झाकण घातलं. एल-३ च्या लगेच वरची झाकणं शेलच्या पातळ पट्ट्यांची आहेत, आणि त्यांच्यावर या चिखलाचं जाड आवरण. चिखलाच्या खडकात छिद्रं असतात, पण ती इतकी बारीक आणि एकमेकांपासून तुटलेली असतात की तेल त्यांतून पुढे जात नाही. दुसरं काम खळग्यात झालं. तिथे या गाळाच्या वजनाने पन्नाचे जुने थर आणखी खाली ढकलले गेले आणि तापले. सगळ्यात खोल खळग्यांत गाळाची एकूण जाडी पाच किलोमीटरहून जास्त आहे. जिथे तेल शिजतं त्या भागाला भूवैज्ञानिक खरोखरच ‘किचन’ म्हणतात. मुंबई हायचं स्वयंपाकघर आणि कोठार वेगवेगळ्या जागी आहेत. सुरतच्या खळग्यात आणि बाजूच्या खळग्यांत चूल, आणि उंचवट्यावर साठवण.

क्रमाचं महत्त्व इथे कळतं. पन्ना आधीच शिजला असता, तर झाकण नसलेल्या उंचवट्यावरून तेल पाझरून समुद्रात गेलं असतं आणि जिवाणूंनी ते संपवलं असतं. गाळ लवकर आला असता, तर चुनखडी बनलीच नसती आणि तेलाला जागा मिळाली नसती. आणि गाळ आलाच नसता, तर पन्ना कधी तापलाच नसता. अशा किती टेकड्या जगभरच्या समुद्रांखाली असतील, ज्यांना आकार आहे, छिद्रं आहेत, पण वेळ चुकली म्हणून आत फक्त खारं पाणी आहे!

शिजलेलं तेल वर कसं चढलं? रश्श्यावर तर्री येते तसंच. तेल पाण्याहून हलकं असतं, आणि खडकातली छिद्रं आधी पाण्याने भरलेली असतात. त्यामुळे तेलाचे थेंब पाण्यातून वाट काढत वर सरकतात. वरून वाट बंद असेल तर तिरके सरकतात, भ्रंशांच्या भेगांमधून, वाळूच्या थरांतून, चुनखडीच्या जाळीतून. खळग्यांभोवतीचे सगळे उतार उंचवट्याकडेच चढत होते. माथ्यावर पोहोचल्यावर पुढे वाट नव्हती. मग सर्वात हलका वायू वर, त्याखाली तेल, त्याखाली पाणी. हा साठा सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद अशा लांबट घुमटात आहे, आणि घुमटाची पूर्वेकडची बाजू भ्रंशाने तुटलेली आहे. तेल फक्त चुनखडीतच थांबलं असं नाही. खालच्या काळ्या पाषाणाच्या आणि ग्रॅनाइटच्या भेगांतही ते शिरलं. तेल ज्या दगडातून येतं तो दगड आणि ते तेल यांच्या वयात कोट्यवधी वर्षांचं अंतर असू शकतं, याचं हे ठळक उदाहरण. ग्रॅनाइटमध्ये तेल बनत नाही, ते पाहुणं म्हणून येतं.

तेलाच्या गुणातही पन्नाची ओळख राहिली आहे. हे तेल हलकं आहे, त्यात गंधक कमी आणि मेण बरंच आहे. मेण वनस्पतींच्या पानांवरच्या आणि देठांवरच्या मेणकट थराची आठवण देतं. आणि जिथे कोळशासारखं झाडाचं द्रव्य जास्त होतं किंवा थर जास्त तापले, तिथे वायूचं प्रमाण मोठं आहे. बसीनचं क्षेत्र मुख्यतः वायूचं आहे. १९७६ साली सापडलेला हा वायू आणि मुंबई हायचा वायू गुजरातेत हजिऱ्याला आणि आपल्याकडे उरणला येतो. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यामागेही हाच समुद्रातला वायू आहे.

या पुरलेल्या टेकडीचा आकार पहिल्यांदा दिसला तो १९६० च्या दशकाच्या मध्यात, सोव्हिएत मदतीने केलेल्या सर्वेक्षणात. पाण्यात धक्क्याच्या लाटा सोडायच्या आणि त्या कोणत्या खोलीवरून परततात ते मोजायचं, अशी ती पद्धत. पण नकाशावर घुमट दिसणं आणि आत तेल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर फक्त छिद्र पाडूनच मिळतं. ओएनजीसी या सरकारी तेलसंस्थेने त्यासाठी जपानमध्ये बांधलेलं ‘सागर सम्राट’ हे फिरतं खोदयंत्र आणलं, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १ रुपयाच्या जुन्या नोटेच्या मागे समुद्रात उभं असलेलं जे यंत्र आपण पाहिलं आहे, ते हेच.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला उत्पादन शिखरावर पोहोचलं आणि मग उतरू लागलं. तेव्हापासून तिथले अभियंते ज्या अडचणीशी झगडत आहेत, तिचं मूळ त्या जुन्या पावसात आहे. तेल वर ढकलण्यासाठी १९८४ पासून खडकात पाणी सोडलं जातं. पण एल-३ मधल्या ज्या पट्ट्यांना पावसाने फार मोठी जाळी पाडली, त्यांतून पाणी सरळ धावतं आणि विहिरीत तेलाआधी तेच येतं. शेजारच्या, कमी विरघळलेल्या पट्टीत तेल मागेच राहतं. मधल्या शेलच्या पातळ पापुद्र्यामुळे ते इकडे येऊही शकत नाही. म्हणून आता काही विहिरी खाली जाऊन आडव्या वळवतात आणि काही मीटर जाडीच्या एकेका पट्टीतून शेकडो मीटर पुढे नेतात. कोणती पट्टी निवडायची हे ठरवताना दगडाचे काढलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. दोन कोटी वर्षांपूर्वी कोणतं कवच विरघळलं आणि कोणतं टिकलं, हे त्यांतून शोधतात.